गावच्या शाळेत लेकरांच्या मनाकडे लक्ष कसं ठेवायचं: वर्गशिक्षकासाठी कामाच्या गोष्टी

आपल्या यवतमाळ, वाशिम, बुलढाणा, वर्धा साइडच्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांमध्ये समुपदेशक नसतो, कित्येक ठिकाणी तर दोन शिक्षक आणि पाच वर्ग. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समुपदेशकाची गोष्ट आहे, आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमातही त्याच वर्षीपासून दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हायचं आणि बाकी विषयांसोबत भावनिक आरोग्यही घ्यायचं असं आहे, ते सगळं चांगलंच आहे. पण लेकरू सोमवारी सकाळी रडत आलं तर तेव्हा समोर आपणच असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लेकराची रोज कोणीतरी खबर ठेवणं हेच सगळ्यात मोठं काम आहे, ते वर्गशिक्षकच करू शकतो, आणि मनात आलं तर केलं असं करून ते होत नाही. ठरवून करावं लागते, वहीत लिहून करावं लागते. खाली लिहिलेल्या गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

हजेरीपासून सुरुवात करा

पोरं शाळेत येतात तेव्हा पहिली दहा मिनिटं फाटकाजवळ नाहीतर वर्गाच्या दारात उभे राहा. फोन खिशात, माहिती भरायची असेल ती नंतर. प्रत्येकाला नावानं हाक मारा आणि एकच गोष्ट पाहा, आज याच्यात रोजच्यापेक्षा वेगळं काय आहे. रोज तेल लावून वेणी घालून येणारी पोरगी तीन दिवस तशीच विस्कटलेल्या केसांनी येऊन राहिली, रोज धिंगाणा घालणारा पोट्टा भिंतीला टेकून उभा आहे, कोणी सकाळपासून काही खाल्लेलंच नाही. हे दिसते, पण आपण पाहिलं तरच.

एक साधी चाळीस पानी वही ठेवा, प्रत्येक लेकराला एक पान. त्यात फक्त जे दिसलं ते लिहायचं, निष्कर्ष लिहायचा नाही. "सोमवारी परिपाठात रडली, मंगळवारी खिचडी घेतली नाही, बुधवारी पोट दुखते म्हणाली" हे बरोबर. "मुलगी डिप्रेशनमध्ये आहे" हे चूक, ते ठरवायचं काम डॉक्टरचं. वही कपाटात कुलपात ठेवायची आणि स्टाफरूममध्ये वाचून दाखवायची नाही. दोन आठवडे एकाच लेकराच्या पानावर नोंदी वाढत गेल्या तर समजायचं की विचारपूस करायची वेळ झाली.

पोट दुखणं, डोकं दुखणं, मळमळणं याकडे नीट पाहा. लहान लेकराला "मला टेन्शन आलं" असं सांगता येत नाही, त्याचं पोट दुखते, आणि ते खरंच दुखते, नाटक नसते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथं काही निघालं नाही तर मग पोट कधी दुखते ते वहीत पाहा, गणिताच्या तासाआधी, की शाळा सुटून घरी जायच्या वेळेला. घरी जायच्या वेळेला दुखत असेल तर घरी काय चालू आहे ते हळूच काढा. आणि फळ्यावरचं दिसत नाही, ऐकू कमी येते म्हणून मागे पडलेलं आणि त्यातून गप्प झालेलं लेकरूही असते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा शाळेत येते तेव्हा अशी नावं आधीच काढून ठेवा.

एक गोष्ट विशेष सांगतो. दंगा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जाते. गप्प बसणारं, वही स्वच्छ असणारं, कधी त्रास न देणारं लेकरू वर्षभर सुटून जाते. आठवड्यातून एकदा वही चाळा आणि ज्यांची पानं कोरी आहेत त्यांच्याशी मुद्दाम बोला.

कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, वर्ग अर्धा होतो हे आपल्याला माहीत आहे. सोयाबीन सोंगायला माय गेली की मोठी पोरगी लहान भावाला सांभाळत घरी. महिनाभरानं ती परत येते तेव्हा तिला आधीच लाज वाटत असते, अशा वेळी सगळ्यांसमोर "कुठं होती इतके दिवस?" हे विचारू नका. "आली का, बरं झालं, तुझी जागा तिथंच आहे" एवढं पुरे. जोडीला एक मैत्रीण द्या, राहिलेल्यातलं फार महत्त्वाचं तेवढंच घ्या, आणि पहिल्या आठवड्यात तिला फळ्यावर उभं करू नका.

बोलतं कसं करायचं

परिपाठात पाच मिनिटं काढा. पोरांना म्हणा, आज मन कसं आहे ते बोटांनी दाखवा, पाच म्हणजे एकदम मजेत, एक म्हणजे काहीच चांगलं वाटत नाही, मूठ म्हणजे मला आज सांगायचं नाही. मूठ दाखवायची पूर्ण परवानगी पाहिजे, नाहीतर पोरं पाचच बोटं दाखवतात. आधी स्वतः दाखवा, आणि खरं दाखवा, "आज माझी तीन, माझ्या आईला बरं नाही". एक-दोन बोटंवाल्यांना तिथंच सगळ्यांसमोर कारण विचारायचं नाही, नंतर एकटं गाठायचं.

एकटं गाठायचं म्हणजे ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसवायचं नाही. ऑफिसात बोलावलं की लेकराला वाटते आपली काही चूक झाली. परसबागेत पाणी घालताना, ग्रंथपेटीतली पुस्तकं लावताना, ताटं मोजताना बोला, हात कामात आणि नजर दुसरीकडे असली की मोठी पोरंही बोलतात. दार बंद करून बसायचं नाही, कोणाला दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी जागा पाहा.

प्रश्न आपल्या बोलीत विचारा. "काय झालं रे? दोन दिवसांपासून तू गप गप दिसून राहिला." मग थांबा. खरंच थांबा, अर्धा मिनिट कोणी बोललं नाही तरी चालते. तो म्हणाला "काही नाही सर", तर "बरं, सांगावंसं वाटलं तर मी इथंच आहे, उद्या पुन्हा विचारीन", आणि उद्या पुन्हा विचारा. कित्येक लेकरं पाहतात की हा माणूस दुसऱ्या दिवशी विचारतो का नाही, मगच बोलतात. "काहून विचारलं होतं सर काल?" असं तेच लेकरू येऊन म्हणते कधी कधी, आणि मग सांगते.

बोलायला लागलं की लगेच उपाय सांगू नका, "त्यात काय एवढं", "मुलगा असून रडतो" हे तर अजिबात नको. "तुले खूप राग आला असेल", "भीती वाटली का?" असं त्याच्या मनात काय आहे ते आपल्या शब्दात म्हणून पाहा, चुकलं तर ते दुरुस्त करते. मेळघाटात कोरकू, इकडे कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी लेकरं असतात, मनातलं त्यांना घरच्या भाषेतच येते, तर त्यांना तसंच बोलू द्या, आपल्याला समजत नसेल तर सोबतच्या पोराला मध्ये घेण्याआधी त्या लेकराला विचारा की चालते का.

आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुला धोका असेल तर मला मदत घ्यावी लागेल, पण कोणाला सांगायचं ते आधी तुला सांगीन" हे म्हणा. हे पाळता येते.

एकटं पडलेलं लेकरू शोधायची पद्धत

हे मला सगळ्यात उपयोगी वाटते म्हणून सविस्तर लिहितो. शाळा सुरू होऊन महिना झाला की वर्गात छोट्या चिठ्ठ्या वाटा. दोन प्रश्न: खिचडी खायला कोणाजवळ बसायला आवडते, दोन नावं लिहा. शाळेतून घरी जाताना कोणासोबत जायला आवडते, दोन नावं लिहा. कोण आवडत नाही हे चुकूनही विचारायचं नाही, त्यातून नवीन भांडणं निघतात. लिहिता येत नाही त्यांना कानात सांगायला लावा. चिठ्ठ्या घरी नेऊन एका कागदावर सगळी नावं गोलात लिहा आणि ज्यानं ज्याचं नाव दिलं त्याच्याकडे बाण काढा.

कागद तयार झाला की कोणाकडे सहा-सात बाण जातात, कुठं तिघांचा आपसातलाच त्रिकोण, आणि दोन-तीन नावांकडे एकही बाण नाही. ही दोन-तीन नावं म्हणजे आपलं पुढच्या तीन महिन्यांचं काम. पुष्कळदा हे नाव नवीन आलेल्या लेकराचं असते, मामाच्या गावी शिकायला ठेवलेल्याचं, वस्तीवरून, पारध्यांच्या बेड्यावरून येणाऱ्याचं, किंवा कपड्याचा वास येते म्हणून ज्याच्याजवळ कोणी बसत नाही त्याचं.

आता काय करायचं. त्याला वर्गातल्या हुशार पोराजवळ बसवू नका, हुशार आणि मायाळू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर पाहा, ज्याच्याकडे तीन-चार बाण आहेत आणि जो कोणाला हिणवत नाही असा कोण, त्याच्यासोबत याला एक जोडीचं काम द्या. ताटं वाटणं, पाण्याची टाकी भरली का पाहणं, घंटा देणं. "याच्याशी मैत्री कर" असं बोलायचं नाही, काम दोघांना मिळून करावं लागेल असं द्यायचं, बाकी आपोआप होते. दिवाळीनंतर पुन्हा चिठ्ठ्या घ्या. एक बाण जरी आला तरी त्या लेकराचं शाळेत येणं बदलते, हे मी स्वतः पाहिलं आहे, घंटेचं काम मिळालेलं एक पोरगं शाळा भरायच्या आधी अर्धा तास येऊन फाटकावर बसायला लागलं होतं.

चिडवणं हा याचाच भाग आहे. जातीवरून, रंगावरून, बापाच्या दारूवरून, चालण्यावरून नावं पडतात आणि ती गावभर होतात. हे वर्गात कमी, आणि संडासाकडे, नळावर, घरी जायच्या रस्त्यावर जास्त चालते, म्हणून सुट्टीत आपण तिथं दिसलो पाहिजे. भांडण आलं तर दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" करू नका, ज्याला त्रास झाला त्याला दुसऱ्यांदा त्रास होते. वेगवेगळं ऐका. ज्यानं चिडवलं त्याला विचारा, तुझ्यामुळं त्याचं काय झालं, आणि आता तू काय करशील, आणि आठवड्यानं तपासा. जातीवरून बोलणं असेल तर ते पोरापोरांचं म्हणून सोडायचं नाही, दोन्ही घरी जाऊन बोलायचं.

आपल्या तोंडाकडेही पाहावं लागते. "ढ", "गाढव", "तुझ्या बापानं काय केलं जे तू करशील" हे शिक्षकाच्या तोंडून निघालं की वर्गाला परवानगी मिळते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहे. कायदा राहू द्या, लेकरू ते शब्द घरी घेऊन जाते.

घरात कोणी गेलं तर

आपल्या भागात हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातलं लेकरू आपल्या वर्गात असते, आज नसलं तरी पुढच्या वर्षी असेल.

पहिल्या दोन-चार दिवसांत घरी जा. त्या घरी तलाठी येऊन जातात, तहसीलचे लोक येतात, पंचनामा, सरकारी मदतीला पात्र की अपात्र याची चर्चा अंगणात चालते आणि लेकरू कोपऱ्यात बसून सगळं ऐकत असते. तुम्ही लेकराजवळ बसा. जास्त बोलायची गरज नाही. "मी तुझ्यासाठी आलो. शाळेत तुझी सगळे वाट पाहून राहिले. तुले वाटेल तेव्हा ये." आणि हे नक्की सांगा की जे झालं त्यात तुझी काहीच चूक नाही, कारण लहान लेकराला मनात वाटते की मी वहीसाठी पैसे मागितले म्हणून झालं, मी हट्ट केला म्हणून झालं, आणि ते कोणाला सांगत नाही. "बाबा देवाघरी गेले, झोपले" असं लहानांना सांगितलं तर ते वाट पाहत बसतात, "बाबा वारले, ते आता परत येणार नाहीत" हे सरळ आणि मायेनं सांगणं चांगलं, पण घरच्यांना विचारून.

"आता तूच घरातला कर्ता" हे वाक्य दहा-बारा वर्षांच्या पोराला येणारे-जाणारे सगळे म्हणतात. तुम्ही म्हणू नका, आणि काका-मामाला बाजूला घेऊन समजावा.

ते शाळेत येण्याच्या आदल्या दिवशी वर्गाशी बोला. काय झालं ते थोडक्यात, कसं झालं ते सांगायचं नाही. त्याला खोदून विचारायचं नाही, खेळायला बोलवायचं, रडलं तर जवळ बसायचं, एवढं पोरांना छान कळते. शाळेत कोणी फोटो काढायला, बातमीसाठी बोलायला आलं तर हात जोडून नाही म्हणा. मदतीचा चेक, वह्यांचं वाटप असलं काही सगळ्यांसमोर स्टेजवर करू नका.

पहिला महिना सगळे विचारतात, नंतर कोणी विचारत नाही, आणि खरा त्रास तेव्हा सुरू होतो. सहावीतला एक मुलगा वडील गेल्यावर पहिले पंधरा दिवस अगदी नेहमीसारखा होता, हसत होता, खेळत होता. दीड-दोन महिन्यांनी खिचडी शिजवणाऱ्या मावशीच्या लक्षात आलं की तो ताटातलं अर्धं खाऊन उरलेलं कंपासपेटीत भरून नेते. कंपास, पेन्सिली दप्तरात मोकळ्या आणि पेटीत खिचडी, झाकण घट्ट बसावं म्हणून वरून रबर लावलेलं. घरी धाकटी बहीण होती आणि माय मजुरीला जात होती. त्याला कोणी काही बोललं नाही, मावशी दुसऱ्या दिवसापासून एक डबा वेगळा भरून द्यायला लागल्या आणि आम्ही घरच्या कागदपत्रांच्या मागे लागलो. म्हणून सांगतो, खिचडीच्या मावशीला या कामात घ्या, त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसते.

सणांकडे लक्ष ठेवा. पोळ्याला बैल सजवायला बाप नाही, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन सगळी पोरं निघतात आणि हे घरात बसून राहते. आधीच काका, शेजारी कोणाशी बोलून ठेवा की याला सोबत घ्या. वर्षश्राद्धाची तारीख वहीत लिहून ठेवा. निबंधाला "माझे बाबा" हा विषय देऊ नका, "माझ्या घरातलं आवडतं माणूस" द्या.

कागदांचं काम हेही मनाचंच काम आहे, घरात पैशाची ओढ कमी झाली की लेकरू शाळेत टिकते. आई किंवा वडील नसलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अर्ज जाते आणि बालकल्याण समितीसमोर प्रकरण होते. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, शाळेचं बोनाफाईड असे कागद लागतात. बोनाफाईड त्याच दिवशी द्या आणि बाकीच्यासाठी त्या माउलीला चार चकरा मारायला लागणार नाहीत हे पाहा, जमलं तर फॉर्म स्वतः भरून द्या.

मरायची भाषा आली तर

"मले जगायचं नाही", "मी नसलो तर बरं होईल" असं लेकरू बोललं, वहीत लिहिलं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर ते नाटक आहे, लक्ष वेधून घेऊन राहिलं, असं समजू नका. सरळ विचारा, "तुले मरून जावंसं वाटते का?" विचारल्यानं डोक्यात विचार येते ही भीती खोटी आहे, उलट विचारलं की लेकराला हलकं वाटते. हो म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, एक मिनिटही नाही, आणि त्याच दिवशी घरी स्वतः पोचवायचं. रागवायचं नाही, शपथ घालायची नाही.

आणि घरच्यांना पहिली गोष्ट ही सांगा की फवारणीचं औषध घरातून हलवा. आपल्याकडे कीटकनाशकाचा डबा माळ्यावर, खाटेखाली, दाराआड असते. तो कुलपात ठेवा नाहीतर दुसऱ्याच्या घरी, आजच. असा विचार कित्येकदा काही वेळापुरताच तीव्र असते, त्या वेळात हाताशी औषध नसलं तर जीव वाचते.

टेलि मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, शिक्षकही स्वतः फोन करून काय करू विचारू शकते. लेकरांसाठी १०९८ ही हेल्पलाइन. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असते, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पालक "आमचं पोरगं काही पागल नाही" म्हणतील, तेव्हा भांडू नका, "झोप लागत नाही, जेवत नाही, त्याच्यासाठी डॉक्टरला दाखवू, मी सोबत येतो" म्हणा. सोबत जाणं फार कामाचं आहे. आधी कोणा मांत्रिकाकडे नेत असतील तरी त्यांना तोडू नका, दवाखाना मात्र थांबू देऊ नका. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांनाही एक-एक फोन करा, विशेषतः ज्यांचं काही खरं नाही असं वाटते त्यांना.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर वेगळं आहे, इथं आपण चौकशी करायची नाही. एकदा शांतपणे ऐका, "तू सांगितलं ते चांगलं केलं, तुझी चूक नाही" म्हणा, तिच्याच शब्दात लिहून ठेवा आणि पोलिसांना कळवा. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे आणि नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे. गावातले लोक मिटवून टाका म्हणतील, शाळेचं नाव खराब होते म्हणतील, ऐकू नका. लेकराचं नाव कुठंही बाहेर जाऊ देऊ नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच.

पालक, आणि आपण स्वतः

सकाळी अकराची पालक मीटिंग म्हणजे मजुरी बुडवणं, त्यामुळं कोणी येत नाही. संध्याकाळी पारावर, नाहीतर घरोघरी. पहिल्या भेटीत तक्रार न्यायची नाही, लेकराची एक चांगली गोष्ट सांगायची, आणि तीही नेमकी, "हुशार आहे" असं नाही, "काल लहान पोरगी पडली तर हिनं तिला उचलून नळावर नेलं, गुडघा धुऊन दिला" असं. त्यानंतर दुसऱ्या भेटीत कठीण गोष्ट बोलता येते. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बाया असतात, त्यातल्या दोन-तीन बायांना विश्वासात घ्या, कोणाच्या घरी काय चालू आहे ते त्यांना आपल्याआधी माहीत असते.

हे सगळं एकट्यानं ओढू नका. केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकासोबत आठवड्यातून एकदा फोनवर बोला, लेकराचं नाव न घेता. झोप उडायला लागली तर १४४१६ आपल्यासाठीही आहे.

शेवटचं काम एप्रिलचं. उन्हामुळं आपल्याकडची शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, म्हणजे एवढी लांब सुट्टी आणि त्यात खिचडीही नाही, शिक्षकही नाही. सुट्टी लागायच्या आधी वही काढा, ज्या चार-पाच लेकरांची काळजी वाटते त्यांची नावं वेगळ्या कागदावर घ्या, आशाताई आणि अंगणवाडीताईला भेटून एवढंच सांगा की या घरांकडे येता-जाता चक्कर ठेवा, लेकराला तुमचा फोन नंबर आईच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या, आणि मे महिन्यात एकदा स्वतःहून फोन करा. शाळा उघडली की पहिल्या दिवशी सगळ्यात आधी ती चार-पाच नावं आली का ते पाहा, आणि जे आलं नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जा.